स्लिप रातोरात दह्यासारखी लागते? पाणी घालण्याआधी हे वाचा

साच्यात ओतायची पातळ माती, म्हणजे स्लिप, रात्री नीट झाकून ठेवून सकाळी उघडावी, तर तीत काठी उभी राहते. बादली तिरकी केली तरी वरचा थर जागचा हलत नाही. ढवळायला घेतलं की पहिल्या दोन-चार वेढ्यांना दंडात जोर लागतो, मग हात हलका पडतो, आणि पाच मिनिटांत तीच स्लिप सायीच्या दुधासारखी धार धरते. आपण खूश होऊन साचे भरतो. वीस मिनिटांनी साचा उलटा करावा, तर थोडीशी स्लिप गळते आणि बाकीची आतच बसून राहते. कपाच्या तळाशी गोळा, भिंतीला लाटा.

अशा वेळी हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जातो. माझाही अनेक वर्षं जायचा. तिथेच थांबा.

मी पुण्यात साच्यातून कप, वाट्या आणि पणत्या काढण्याचं काम करते. वर्कशॉपला येणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि दर थंडीत, दर उन्हाळ्यात तो नव्याने येतो. म्हणून यावेळी सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. ज्यांना स्लिप म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: पाण्यात कालवलेली बारीक माती, जी प्लॅस्टरच्या साच्यात ओततात. प्लॅस्टर पाणी शोषून घेतं, साच्याच्या कडेने मातीचा थर जमतो, उरलेली स्लिप ओतून काढली की आत पोकळ भांडं राहतं.

आधी बिघाड नीट ओळखा

स्लिपचे दोन गुण असतात आणि ते एकमेकांपासून वेगळे आहेत, हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. एक तिचा जडपणा, म्हणजे एक लिटर स्लिप किती ग्रॅम भरते. दुसरा तिचा दाटपणा, म्हणजे ती किती सहज वाहते. आपल्याला डोळ्यांना आणि हाताला फक्त दाटपणा कळतो, आणि आपण त्यावरून ठरवतो की पाणी कमी पडलं. पण पाणी कमी आहे की नाही हे फक्त वजनकाटा सांगतो. एखादी स्लिप पाण्याने भरपूर असूनही दह्यासारखी लागू शकते, आणि एखादीत पाणी अगदी कमी असूनही ती दुधासारखी वाहू शकते.

आकडे बघा म्हणजे पटेल. माझी स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजायच्या मातीची) स्लिप लिटरला १७८० ग्रॅम भरते. अशा २० लिटर बादलीत कोरडी माती साधारण २५ किलो असते आणि पाणी जेमतेम १० किलो. म्हणजे शंभर भागांत २८-२९ भाग पाणी. चाकावर भांडं घडवायच्या मळलेल्या मातीत शंभरात २०-२५ भाग पाणी असतंच! इतक्या थोड्या जास्तीच्या पाण्यात माती वाहायला लागते, ती पाण्यामुळे नाही. ती वाहते सोडियम सिलिकेट नावाच्या घट्ट, द्रवरूप रसायनामुळे, आणि तेही कोरड्या मातीच्या हजार भागांना तीन ते पाच भाग एवढंच घातलेलं असतं.

कोरड्या मातीचा हा हिशेब अलेक्झांद्र ब्रोन्यार यांच्या सूत्राने होतो. १८०० ते १८४७ या काळात ते फ्रान्समधल्या सेव्हरच्या पोर्सिलेन कारखान्याचे प्रमुख होते. एक लिटरच्या वजनातून १००० वजा करायचे आणि आलेल्या आकड्याला मातीची घनता भागिले घनता वजा एक, याने गुणायचं. मातीची घनता २.६ धरली तर २.६ भागिले १.६, म्हणजे तो गुणक १.६२५ येतो. ७८० गुणिले १.६२५, म्हणजे लिटरला सुमारे १२६७ ग्रॅम कोरडी माती. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा, पुढे सिलिकेट मोजताना लागेल.

वजन कसं घ्यायचं? प्लॅस्टिकच्या मापाच्या भांड्यांवरच्या रेघांवर विश्वास ठेवू नका. भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य करा, बरोबर ५०० ग्रॅम पाणी घाला आणि पाण्याच्या पातळीवर पक्क्या मार्करने रेघ मारा. ते तुमचं अर्ध्या लिटरचं माप. स्लिप ढवळून, बुडबुडे बसू देऊन त्या रेघेपर्यंत भरायची. ८९० ग्रॅम आली तर लिटरला १७८०. हवा अडकलेली असेल तर वजन खोटं कमी दिसतं, म्हणून भांडं टेबलावर हलकेच ठोका आणि मग रेघ बघा.

दाटपणासाठी रंगाच्या दुकानात फोर्ड कप, म्हणजे तळाला भोक असलेला मापाचा कप मिळतो. तो नसेल तर एक स्टीलचं नरसाळं ठेवा, पण कायम तेच. ढवळलेली स्लिप भरून लगेच सोडायची आणि किती सेकंदांत रिकामं होतं ते मोजायचं. मग पुन्हा भरायचं, भोकावर बोट धरून पाच मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. माझ्या नरसाळ्याला चांगल्या दिवशी ३२ सेकंद लगेच आणि ४० च्या आसपास पाच मिनिटांनी लागतात. ज्या दिवशी बिघाड असतो त्या दिवशी पहिला आकडा ३५ येतो, अगदी निर्दोष दिसतो, आणि दुसऱ्या वेळी बोट काढलं तरी धार सुरूच होत नाही. तुमच्या नरसाळ्याचे आकडे वेगळे येतील. बघायचं ते या दोन आकड्यांमधलं अंतर. मोठ्या कारखान्यांत हेच काम तारेला टांगलेल्या चाकाच्या यंत्राने करतात, तिथेही एकदा लगेच आणि एकदा विश्रांतीनंतर असंच मोजतात.

ढवळल्यावर पातळ का होते

मातीचे कण म्हणजे अतिशय बारीक, चपटे पत्रे. पत्र्याच्या सपाट बाजूवर ऋण भार असतो, कडांवर पुष्कळदा धन. मोकळं सोडलं की एकाची कड दुसऱ्याच्या पाठीला चिकटते आणि पत्त्यांचा बंगला उभा राहतो. पाणी त्या बंगल्याच्या खोल्यांत अडकून पडतं. बादलीत पाणी तेवढंच असतं, पण वाहायला मोकळं उरत नाही. काठी फिरवली की बंगला कोसळतो, पाणी सुटतं, स्लिप वाहते. काठी थांबली की पाण्याच्या रेणूंचे धक्के खात पत्रे फिरत राहतात, पुन्हा कड-पाठ जुळते, आणि काही मिनिटांत बंगला परत उभा.

या गुणाला थिक्सोट्रॉपी म्हणतात. १९२३ मध्ये बर्लिनला शालेक आणि सेगवारी या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी लोहाच्या ऑक्साइडचं खळीसारखं जमलेलं द्रावण नुसतं हलवून पातळ झालेलं आणि ठेवून दिल्यावर पुन्हा जमलेलं पाहिलं. नाव नंतर, १९२७ मध्ये पडलं, ग्रीक शब्दांवरून: स्पर्शाने पालटणारं. मला हे नाव फार आवडतं. हाताने काम करणाऱ्याला दुसरं कुठलंच नाव इतकं पटणार नाही.

एक फरक इथेच सांगते, कारण वर्कशॉपमध्ये हमखास गल्लत होते. टोमॅटो केचप, भिंतीचा इमल्शन रंग हेही हलवताना पातळ होतात, पण ब्रश थांबला की बहुतेक जागच्या जागी पुन्हा घट्ट होतात, म्हणून तर रंग भिंतीवरून ओघळत नाही. स्लिपला परत जमायला वेळ लागतो, आणि तो वेळच आपल्या कामाचा किंवा आपल्या मुळावर येणारा. दही तिसऱ्या जातीचं. घुसळलं की पातळ होतं, पण मोडलेलं दही कितीही थांबलात तरी पुन्हा पहिल्यासारखं लागत नाही. स्लिप मात्र रोज मोडते आणि रोज लागते.

हा गुण मुळातच वाईट आहे असंही समजू नका. थोडी थिक्सोट्रॉपी हवीच. साच्याला जमलेला थर स्लिप ओतून काढल्यावर उभा राहतो तो याच बंगल्याच्या जोरावर. ती अजिबात नसलेल्या स्लिपचा थर हळूहळू जमतो, ठिसूळ होतो आणि सुरीने कड कापताना तुकडे उडतात. जास्त झाली तर थर लवकर जमतो पण लिबलिबीत राहतो. माझ्याकडच्या एका नव्या मुलीने भरलेला साचा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेताना जरा जोरात ठेवला. आतला कप तयार दिसत होता, कडही सुटायला लागली होती. ठेवल्याच्या धक्क्याने सगळी भिंत चकाकली आणि आमच्या डोळ्यांदेखत तळाशी घसरली. जमलेलं पुन्हा वाहायला लागलं होतं, फक्त एका धक्क्याने.

सिलिकेट नेमकं काय करतं? मातीच्या पत्र्यांभोवती चिकटलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतं, त्या जागी सोडियम देतं आणि कडांवरचा धन भारही झाकून टाकतं. मग सगळे पत्रे एकमेकांना दूर लोटतात, बंगला उभाच राहू शकत नाही. हे समजलं की पुढचा सगळा तपास सोपा होतो: कुठून तरी कॅल्शियम आलं का, की सिलिकेटच कमी पडलं?

आता निदान

वजन जास्त आणि स्लिपही दाट, असं असेल तर पाणी खरंच उडून गेलंय. उन्हाळ्यात झाकण सैल राहिलं की होतं. इथे, आणि फक्त इथेच, पाणी घाला. एका वेळी २० लिटरला १०० मिली, ढवळा, पुन्हा वजन.

वजन बरोबर, ढवळल्यावर छान वाहते, पण थांबली की लागते. ही सगळ्यात नेहमीची तक्रार. पाणी पुरेसं आहे, सिलिकेट कमी पडतंय किंवा कुणीतरी त्याचं काम हाणून पाडतंय. या कुणीतरीबद्दल पुढे लिहिते.

वजन कमी आणि तरी दाट: आधीच कुणीतरी पाणी घालून झालंय. माझ्याबाबतीत ती व्यक्ती मीच होते. दिवाळीची १२० कपांची ऑर्डर होती. सलग तीन दिवस सकाळी स्लिप लागलेली दिसली आणि मी रोज अर्धा लिटर पाणी घातलं. दीड लिटर म्हणजे काय मोठं, असं वाटलं. वजन १७८० वरून १७२५ वर आलं होतं, पण ते मी मोजलं चौथ्या दिवशी. तोवर साचे ओलेचिंब झाले होते, दुपारनंतर थर जमेना, कप जास्त आटले आणि कान जोडला तिथे चिरा गेल्या. ४३ कप गेले. ग्राहकाला फोन करून तारीख मागून घ्यावी लागली, ते आजही आठवलं की वाईट वाटतं. दुःख याचं की स्लिप त्या दीड लिटरनंतरही सकाळी लागतच होती. पाण्याने बंगला मोडत नाही, त्याच्या खोल्या फक्त मोठ्या होतात. अशा स्लिपला उपाय एकच: त्याच मिश्रणाची कोरडी पावडर भिजवून हिशेबाने सिलिकेटसह मिसळायची आणि वजन परत वर आणायचं. वेळ लागतो, पण होतं.

चौथा प्रकार फसवा आहे. वजन बरोबर, ढवळूनही स्लिप ओढल्यासारखी, काठीवरून धार तुटण्याऐवजी तार धरते, आणि सिलिकेट घातलं की सुधारण्याऐवजी आणखी दाट होते. इथे सिलिकेट जास्त झालंय. सिलिकेट थेंब-थेंब वाढवत गेलं की स्लिप आधी पातळ होत जाते, एका टप्प्यावर सगळ्यात पातळ असते, आणि पुढे पुन्हा दाट व्हायला लागते, कारण पाण्यात सोडियमच इतकं होतं की पत्र्यांमधलं एकमेकांना लोटणं दबून जातं. त्या टप्प्याच्या पलीकडे गेलेल्या माणसाला वाटतं अजून कमी पडतंय, आणि तो आणखी घालतो. यातून परत यायचा रस्ता म्हणजे सिलिकेट न घातलेली किंवा अगदी कमी घातलेली ताजी स्लिप, त्याच वजनाची, थोडी थोडी मिसळणं. व्हिनेगर घालू नका. आंबट घालून सोडियम कमी होत नाही, पाण्यातले क्षार मात्र वाढतात.

म्हणून आम्ही टप्प्याच्या जरासं अलीकडेच थांबतो. अगदी पातळ बिंदू गाठायचा हट्ट करत नाही.

कुणीतरी, म्हणजे कोण?

पहिला संशयित पाणी. एका एप्रिलमध्ये नळाचं पाणी दिवसाआड झालं आणि आम्ही टँकर घ्यायला लागलो. तीच माती, तेच सिलिकेट, तेच वजन. स्लिप खरवसासारखी थिजायची. मी मातीला दोष दिला, पुरवठादाराला दोष दिला, सिलिकेट तीनदा वाढवून बघितलं. दुपारी जेवायला बसलो तेव्हा आमच्या मावशी कुकर उघडून म्हणाल्या, "ताई, हे पाणी बदला. तीन शिट्ट्या जास्त काढल्या तरी डाळ दातांखाली येतेय."

मी ताट बाजूला ठेवून उठले. जड पाण्यातलं कॅल्शियम तुरीच्या डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं म्हणून ती शिजत नाही. तेच कॅल्शियम माझ्या बादलीत मातीच्या पत्र्यांना एकमेकांशी बांधत होतं. दख्खनच्या काळ्या कातळातून येणारं बोअरचं पाणी बरेचदा असं दुष्फेन असतं, धरणाचं पाणी त्या मानाने सुफेन. शाळेत शिकलेले हे दोन शब्द मला पंचवीस वर्षांनी उपयोगी पडले. मावशींच्या डाळीला तेव्हापासून आमच्या स्टुडिओत मान आहे. पाण्याचा स्रोत बदलला की आम्ही आधी विचारतो, डाळ शिजली का.

उपाय साधे आहेत. स्लिपपुरतं पाणी आरओचं घ्या, २० लिटर स्लिपला १० लिटरच तर लागतं. किंवा स्वच्छ पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी साठवा. बोअरचंच वापरायचं असेल तर माती घालण्याच्या आदल्या रात्री त्यात सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) विरघळवा. कॅल्शियमचा कठीणपणा दर १०० पीपीएम असेल तर १० लिटरला साधारण १ ग्रॅम पुरतो. सकाळी तळाशी पांढरा गाळ बसलेला दिसेल, वरचं निवळलेलं पाणी घ्या. कठीणपणा मोजायच्या कागदी पट्ट्या माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. टीडीएस मीटरवर भागवू नका, तो सगळे क्षार मिळून दाखवतो, कॅल्शियम किती हे सांगत नाही.

दुसरा संशयित तुमचा साचाच. प्लॅस्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट आणि ते पाण्यात थोडं थोडं विरघळतं, लिटरला दोन-अडीच ग्रॅमपर्यंत. साच्यातून ओतून काढलेली स्लिप प्रत्येक वेळी थोडं कॅल्शियम घेऊन बादलीत परतते. त्यात कडेच्या कातरणीबरोबर प्लॅस्टरचे कण आले की संपलंच. आमचा नियम असा: साच्याच्या तोंडाशी कापलेली माती वेगळ्या डब्यात, ती पूर्ण वाळवायची, पाण्यात भिजवून ८० नंबरच्या चाळणीतून गाळायची, आणि नव्या स्लिपमध्ये चौथाईच्या वर कधी मिसळायची नाही. प्लॅस्टरचा खडा दिसलेला तुकडा सरळ फेकून द्यायचा. तो भट्टीत गेलाच तर नंतर भांड्याचा टवका उडवतो, ते वेगळंच.

साचे वाळवायला कुणी भट्टीवर ठेवतं, हीटरसमोर ठेवतं. ५० अंशांच्या वर नेऊ नका. त्यापुढे प्लॅस्टर भुसभुशीत व्हायला लागतं आणि त्याची पावडर स्लिपमध्ये उतरते. वाळवताना साच्याचे दोन्ही भाग जोडून, रबरबँड लावून ठेवा. पाणी बाहेरच्या बाजूने उडतं, मग क्षारही बाहेरच फुलतात, आतली काम करणारी बाजू स्वच्छ राहते.

तिसरा संशयित सिलिकेटचा कॅन. झाकण उघडं राहिलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते वरून जमायला लागतं, साय धरते. तशा सिलिकेटचा अर्धा चमचा म्हणजे अर्धा चमचा राहत नाही. शिवाय बाजारात सिलिका आणि सोडा यांचं वेगवेगळं प्रमाण असलेले प्रकार मिळतात. दुकानदार "तेच आहे" म्हणतो आणि ते तेच नसतं. पावतीवर प्रकार लिहून घ्या आणि नवा कॅन आला की आधी एका लिटरवर तपासा.

थंडी हा चौथा, पण त्याला संशयित म्हणणं अन्यायाचं होईल. १२ अंशांचं पाणी ३० अंशांच्या पाण्यापेक्षा मुळातच दीडपट दाट असतं. डिसेंबरच्या सकाळी स्लिप दाट वाटली तर बादली तासभर उन्हात ठेवा, मग मोजा. थंडीत घातलेलं सिलिकेट मार्चमध्ये जास्त ठरतं, हे मी दोन वर्षं सलग अनुभवलंय.

मातीही बदलते. बॉल क्लेचं (स्लिपमध्ये घालायच्या बारीक, चिकट मातीचं) नवं पोतं आलं की तिच्यातले क्षार आणि सेंद्रिय द्रव्यं मागच्या पोत्यासारखी असतीलच असं नाही. सल्फेट काढायला काही जण बेरियम कार्बोनेट घालायला सांगतात. ते विष आहे. जिथे मुलं शिकायला येतात आणि चहाचे कप बनतात तिथे ते मी आणत नाही, तुम्हीही आणू नका.

सिलिकेट घालायचं कसं

कधीच कॅनमधून थेट नाही. जिथे थेंब पडतो तिथे ते एकवटतं आणि गुठळी होते. समान वजनाच्या कोमट पाण्यात ते कालवून घ्या. २५ किलो कोरडी माती असलेल्या बादलीला दुरुस्तीची एक मात्रा म्हणजे ५ ग्रॅम सिलिकेट, कालवलेलं १० ग्रॅम. ते घालून पाच मिनिटं सावकाश ढवळा, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा थोडं ढवळून नरसाळ्याचे दोन्ही आकडे घ्या. अंतर कमी झालं पण अजून हवंय, तर दुसरी मात्रा. दोन मात्रांनंतर काहीच फरक नाही किंवा उलट झालं, तर हात थांबवा आणि वरच्या संशयितांकडे परत जा. हातमोजे घाला, सिलिकेट डोळ्यांत गेलं तर इजा करतं. कोरडी माती ओतताना मास्क लावाच, तिच्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

ढवळण्याबद्दलही दोन शब्द. ड्रिलला पंखा लावून वेगात फिरवलं की स्लिप झटकन पातळ होते, पण हवा भरते आणि कपांवर टाचणीएवढी भोकं येतात. पंखा पूर्ण बुडालेला ठेवा, भोवरा पडू देऊ नका. नवीन बनवलेली स्लिप त्याच दिवशी वापरू नका. माती पूर्ण भिजायला एक दिवस लागतो आणि त्या दिवसात तिचा दाटपणा बदलतो. आदल्या संध्याकाळी अगदी बरोबर जमलेली स्लिप सकाळी वेगळी वागली तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशीचा आकडाच खरा.

आणि हे सगळं करूनही ठरत नसेल, तर बादलीला हात लावण्याआधी तीन ग्लास घ्या. तिन्हीत २०० मिली ढवळलेली स्लिप. एकात काहीच नाही, दुसऱ्यात १० मिली पाणी, तिसऱ्यात कालवलेल्या सिलिकेटचे दोन थेंब. तिन्ही नीट हलवून पंधरा मिनिटं ठेवा आणि मग एकेक हळूच तिरका करा. पाण्याचा ग्लास पहिल्यासारखाच लागलेला आणि तिसरा वाहता, असं दिसलं तर उत्तर मिळालं. तिसराच सगळ्यात घट्ट असेल तर सिलिकेट आधीच जास्त आहे. दोन थेंब वाया गेले, बादली वाचली.

बादलीच्या झाकणावर आम्ही चिकटपट्टी लावतो आणि रोज सकाळी तारीख, वजन आणि नरसाळ्याचे दोन आकडे लिहितो. बिघाड एका दिवसात येत नाही. दोन आकड्यांमधलं अंतर आठ, मग अकरा, मग सतरा असं वाढताना आठवडाभर आधी दिसतं, आणि तेव्हा एका मात्रेत भागतं.

एखादी बादली हाताबाहेर गेलीच, तर ती मोरीत ओतू नका. जड पाणी मिळालं की ती पाइपात जमते आणि तिथे तिला ढवळायला कुणी जात नाही. प्लॅस्टरच्या फळीवर पसरून वाळवा. चाकावर ती काम करत नाही, हाताखाली ढिली पडते, पण ठशाच्या टाइल्स आणि रोपांच्या नावाच्या पट्ट्या तिच्या उत्तम होतात. आमच्या गच्चीतल्या तुळशीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळ्या कुंड्यांवरच्या पाट्या त्या दिवाळीच्या स्लिपच्या आहेत.